शंभराच्या आतला आकडा

चाकणच्या कारखान्यात मी अठरा वर्षं धोक्यांना आकडे देतोय. प्रत्येक मशीनचा एक तक्ता असतो. बिघाड झाला तर नुकसान किती, तो होण्याची शक्यता किती, आणि आधी कळणं किती अवघड, तिन्हींना दहापैकी गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. शंभराच्या वर गेला की शेवटच्या रकान्यात उपाय आणि जबाबदार माणसाचं नाव लिहावं लागतं. म्हणून ऑडिट जवळ आलं की आकडे शंभराच्या आत येतात. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, कोणी बोलत नाही.

मागच्या रविवारी दुपारी अकरावीतली मुलगी वही घेऊन आली. कॉलेजात वादविवाद होता: मानवजातीला सर्वात मोठा धोका कोणता? मला दुसरं येतं काय? मी तक्ता आखून दिला.

नुकसानाला सगळीकडे दहा. माणूसच उरला नाही तर अकरा देऊन तरी काय करणार! अणुयुद्धाची शक्यता बरीच, पण सैन्य हललेलं दिसतं. साथ आली तर आधी ताप येतो. पृथ्वी तापतेय हे तर पंख्याखाली बसूनही कळतं. कृत्रिम बुद्धिमत्तेची शक्यता आम्ही अंदाजाने दोन धरली. आधी कळण्याच्या रकान्यात मुलीने नऊ लिहिले.

"ती आपल्यापेक्षा हुशार झाली, तर आपल्याला कळू देईल का, पप्पा?"

एकशे ऐंशी. माझा हात आपोआप खोडरबराकडे गेला. "इथे चार कर. ऐंशी होतील."

"का?"

"शंभराच्या वर गेलं की उपाय लिहावा लागतो."

मला लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही, गेले आठ महिने कशाचंच वाटत नाही.

आठ महिन्यांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या, आमच्याच कारखान्यात काम करणाऱ्या काकांची तीन बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये गेली. मुलीला सायकल त्यांनीच शिकवली. हात आत गेला की प्रेस थांबवणारा एक सेन्सर असतो, आम्ही त्याला डोळा म्हणतो. माल लवकर निघावा म्हणून त्या डोळ्यावर पट्टी चिकटवलेली होती. दवाखान्यात काका मलाच धीर देत होते, "मशीनचा काय दोष, राव? तिचा डोळाच झाकला व्हता. आन् तुमी काय करणार? तुमचं काम कागदाचं."

मुलीने खोडरबर बाजूला ठेवलं. "काकांच्या प्रेसला किती दिले होते?"

"आधी कळण्याला दोन. म्हणजे डोळा चालू आहे, हमखास कळेल."

"पट्टी तुम्हाला माहीत नव्हती?"

"आदल्या आठवड्यात पाहिली होती."

हे मी पहिल्यांदाच बोललो. आवाज तक्ता वाचून दाखवताना असतो तसाच होता.

तिने नऊ तसेच ठेवले. शेवटच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून विचारलं, "आणि त्या प्रेसच्या तक्त्यात इथे कोणाचं नाव होतं?"

"आकडा शंभराच्या आत होता. रिकामं सोडता येतं."

खाली काकांचं दार वाजलं. दुपारच्या चहाला ते रोज वर येतात, कप डाव्या हातात धरतात. जिन्यावर त्यांची चप्पल ऐकू येऊ लागली. मुलगी उठली, दाराची कडी काढली आणि माझ्याकडे बघत तिथेच उभी राहिली.