दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं

जगभरचे देश मानवी हक्कांवर बोलायला जिथे जमतात, त्या सभागृहात आमचे मामा माइक बंद करायचं काम करतात. चालूही करतात, पण चालू केल्याबद्दल त्यांना आजवर कुणी शिव्या दिलेल्या नाहीत. एका भाषणाला दोन मिनिटं. शेवटची वीस सेकंदं उरली की पिवळा दिवा, मग लाल, मग मामांचा अंगठा. समोर मंत्री असो की राजदूत, तो अंगठा कुणाची भीडभाड ठेवत नाही.

घरी मात्र मामांचं काही चालत नाही. घरी धाकटे मामा असतात. ते मामांचे भाऊ नव्हेत, जोडीदार. बावीस वर्षांचा संसार आहे. त्यांना हाक काय मारायची, यावर नातेवाइकांनी बरंच डोकं खाजवलं. शेवटी आईनं वैतागून 'धाकटे मामा' ठरवून टाकलं. ते मामांहून दोन वर्षांनी मोठे आहेत हे तिच्या लक्षात येईपर्यंत नाव रुळलं होतं.

धाकट्या मामांचं शिवणाचं दुकान आहे. या दोघांसारख्या माणसांच्या हक्कांसाठी झटणारी एक संघटना अकरा वर्षं त्या सभागृहात बोलायची परवानगी मागत होती. दर वर्षी अर्ज 'पुढच्या बैठकीत पाहू' म्हणून बाजूला पडायचा. यंदा मतदान झालं आणि तो मंजूर झाला. संघटनेतर्फे बोलणाऱ्या बाईंचा कोट अर्थातच धाकट्या मामांनी शिवला. मग घरात एकच धोशा.

"दहा सेकंदं जास्त दे त्यांना."

"नाही."

"अरे, अकरा वर्षं थांबल्यात!"

"कुणी फार दिवस थांबलं म्हणून तू कोटाला तिसरी बाही लावतोस का?"

भाषणाच्या दिवशी धाकटे मामा आणि मी प्रेक्षकांच्या सज्जात, मामा समोर काचेच्या खोलीत. बाई झकास बोलल्या, पण सावकाश. पिवळा लागला. लाल लागला. "आणि आमची शेवटची मागणी अशी, की..."

ओठ हलत राहिले, आवाज गेला. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं.

"मेल्या!" हे धाकट्या मामांचं. त्यांना माइकची गरज पडली नाही.

जिन्यात बाई भेटल्या. मामांचा चेहरा उतरलेला. "माफ करा, पण नियम..."

बाई हसायलाच लागल्या. "माझ्याआधी त्या मंत्र्यांनाही असंच गप्प केलंत ना? मग बरोबर केलंत. अकरा वर्षं आम्हाला दारातूनच परतवून लावत होते. तेव्हा घड्याळ लावायचीही कुणाला गरज पडली नव्हती."

धाकटे मामा वरमले, पण थोडेच. "रविवारी दुपारी जेवायला या. मागणी राहिलीय तुमची."

बाई आल्या. पानं वाढण्याआधीच धाकट्या मामांनी मामांच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या खिशात टाकलं. बाई पाऊण तास बोलल्या. शेवटची मागणी निघाली एका ओळीची: पुढच्या वर्षीही आम्हाला बोलवा.

मामा अधूनमधून रिकाम्या मनगटाकडे बघत होते आणि मुकाट्यानं वाढत होते.