धूळ आढळून आली नाही

आमच्या वस्तीत धूळ आढळून आली नाही, असं सरकारनं लेखी कळवलं, तेव्हा तो कागद वाचण्याआधी मला झटकावा लागला. पोस्टमन तो सकाळी ओट्यावर ठेवून गेला होता आणि मी शाळेतून घरी येईपर्यंत त्यावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ बसली होती. एवढी वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं. लिहिणारा माणूस काही आंधळा नव्हता. आमच्याच अंगणात खुर्चीवर बसून, आमचाच चहा पिऊन तो गेला होता.

साठ-सत्तरच्या दरम्यानची गोष्ट. कापूरहोळला हमरस्ता सोडून भोरकडं वळलं की थोड्या अंतरावर आमचं गाव. गाव वरच्या अंगाला आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती. रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा आम्हालाही बरंच वाटलं होतं. एसटी वेळेवर येईल, आजारी माणूस भोरला लवकर पोचेल, असं सगळे म्हणत होते. मग खडी फोडायची मशीन आली. ती कुठं बसवायची यावर गावात बैठक झाली म्हणे. आम्हाला कुणी बोलावलं नाही. वरच्या अंगाला चांगलं मोकळं माळरान पडलं होतं, पण तिथला वारा गावठाणाकडं वाहतो. म्हणून मशीन आमच्या वस्तीमागच्या गायरानात बसली. आमचं घर वस्तीतलं शेवटचं, त्यामुळं मशीनच्या बाजूनं पहिलं.

उजाडलं की डिझेलचं इंजिन धडधडायला लागायचं. दगड आत पडायचा, भरडला जायचा आणि वर राखाडी ढग उठायचा. तो कुठंही जात नसे, आमच्यावरच बसायचा. शेवग्याचा पाला राखाडी, वाळत घातलेली धुणी राखाडी, माठावर झाकण ठेवलं तरी पाण्याच्या तळाशी गाळ. भाकरी खाताना दाताखाली कचकच. त्यात डांबर वितळवायला ठेकेदाराची माणसं जुने टायर जाळायची, त्याचा काळा धूर वेगळाच. मी वरच्या अंगाच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. तिथं मुलं स्वच्छ हवेत पाढे म्हणायची. ओढा ओलांडून खाली आलं की नाकाला पदर लावावा लागायचा. एकाच गावात दोन हवा होत्या, आणि त्या कुणी वाटल्या होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आई तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. वडील लवकर गेले. त्यांच्यामागं तिनं रोजानं भातलावणी करून मला शिकवलं आणि पडायला आलेल्या घराच्या भिंती स्वतः माती तुडवून पुन्हा उभ्या केल्या. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी, पण ती त्याला जिवापाड जपायची. आयुष्यात कधी औषधाची गोळी न घेतलेली बाई. मशीन आल्यावर पहिल्याच थंडीत तिला खोकला लागला तो गेलाच नाही. पुढं छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. भोरच्या डॉक्टरांनी नळी लावून तपासलं आणि मला स्पष्टच सांगितलं, “बाई, औषध मी देतो. पण वर औषध आणि खाली तीच धूळ, असं चालायचं नाही. एक तर ती मशीन हलवा, नाहीतर ह्यांना हलवा.”

आई बाहेर आल्यावर म्हणाली, “म्या कशापायी हलू? मशीन काल आली. म्या आदीपास्नं हाय हितं.”

मला ते शंभर टक्के पटलं. मशीनच हलायला हवी होती. मी अर्ज लिहायला बसले.

आमच्या हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन समज दिली, की तुम्ही सरकारी नोकर, सरकारविरुद्ध अर्ज कसा करता. मी म्हटलं, सर, मी सरकारविरुद्ध करत नाही, सरकारकडं करते. त्यांना हा फरक कळला नाही. खरं सांगायचं तर पुढं पुढं मलाही कळेनासा झाला.

भोरच्या मामलेदार कचेरीत सांगितलं, मशीन बांधकाम खात्याच्या कामाची, तिकडं जा. बांधकाम खात्यानं सांगितलं, काम आमचं पण मशीन ठेकेदाराची आणि जागा महसूलची, तेव्हा कचेरीत जा. कचेरीत पुन्हा गेले तर तोच कारकून, तीच पानाची पिंक. म्हणाला, “तुमचं दुखणं छातीचं आहे ना? मग हे आरोग्याकडं येतं.” मी आरोग्याकडं अर्ज दिला. मला वाटलं, चला, निदान कुणीतरी माणसाच्या छातीचा विचार करील.

आरोग्यवाल्यांनी विचार केला. एके दिवशी पाठीवर पंप घेतलेली माणसं वस्तीत आली आणि घराघरांत शिरून भिंतींवर डीडीटी मारून गेली. दारावर गेरूनं तारीखही टाकली. आई पुढं आठवडाभर खोकत होती. आम्ही तक्रार केली हवेची, आणि त्यांनी मारले डास. डासांबद्दल आमचं काहीच म्हणणं नव्हतं.

अशा टोलवाटोलवीत वर्ष गेलं. मग अचानक कोतवाल निरोप घेऊन आला की कचेरीतले साहेब स्वतः पाहणीला येणार आहेत, परवा, वस्तीवर, तुमच्याच घरी. माझा आनंद गगनात मावेना. म्हटलं, त्याला फक्त अंगणात उभा करायचा. काही बोलायची गरजच नाही. नाकातोंडात जाईल तेव्हा आपोआप कळेल.

इथंच आमचं चुकलं. चूक कसली म्हणायची ती, हे मला अजून ठरवता येत नाही. आमच्या वस्तीत तोवर कुठला साहेब येऊन बसला नव्हता. तलाठीसुद्धा रस्त्यावर उभा राहून हाका मारायचा. कामापुरतं कुणी आलंच तर ओट्याला टेकायचं नाही आणि पाण्याला ‘नको, आत्ताच प्यालो’ म्हणायचं. धर्म बदलला तरी लोकांची तहान काही बदलली नव्हती. आणि आता साहेब येणार, तोही घरी. आईच्या डोक्यात मशीन राहिलीच नाही. तिच्या डोक्यात एकच राहिलं, की माणूस आपल्या दारात बसणार आहे आणि त्याला नाव ठेवायला जागा मिळता कामा नये.

त्या दिवशी माझी सकाळची शाळा होती. सुटून ओढ्यापाशी आले तर रस्ता लांबूनच ओला दिसला. वस्तीतल्या सगळ्या बायकांनी पहाटेपासून ओढ्याचं पाणी वाहून वळणापासून आमच्या दारापर्यंत रस्ता शिंपला होता. आमच्या अंगणात शेणाचा सडा, वर रांगोळी. भिंती पुसलेल्या. भांडी चिंचेनं घासून उन्हात मांडलेली. शेवग्यावर पाण्याच्या घागरी मारून त्याचा पाला हिरवागार केलेला. मशीन बसल्यापासून मी त्या झाडाचा रंग पाहिला नव्हता.

“आये, ह्ये काय केलंस?” मी विचारलं. “धूळ दाखवायला बोलावलंय त्यांना.”

आई दम लागून उंबऱ्यात बसली होती. बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाली, “येड्यावानी बोलू नगं. घानीत बसवायचं व्हय मानसाला?”

शेजारची मावशी घागर ठेवत म्हणाली, “जीप येनार. सायबाच्या आंगावर धूळ उडंल न्हाई का?”

आणि मशीनही बंद होती. मशीनवरचा मुकादम म्हणाला, पट्टा तुटलाय. साहेब येणार त्याच दिवशी बरा तुटला, आणि साहेब गेल्यावर तासाभरात बरा जोडलाही गेला.

जीप आली. साहेब उतरले, शाळेतून मागून आणलेल्या खुर्चीवर बसले, सगळीकडं पाहिलं आणि म्हणाले, “वा! किती स्वच्छ ठेवलंय. आमच्याकडं शहरातसुद्धा असं दिसत नाही. धुळीचा त्रास नेमका कुठं आहे?”

मी सगळं सांगितलं. रस्ता मुद्दाम शिंपलाय, मशीन मुद्दाम बंद ठेवलीय. म्हटलं, साहेब, तुम्ही न कळवता या, कुठल्याही दिवशी या. बंद मशीनची पाहणी कसली करता?

“बाई, मी जे दिसतं ते लिहितो,” ते म्हणाले. “ऐकीव गोष्टींवर सरकार चालत नाही.”

तेवढ्यात आईला उबळ आली. सकाळपासून पाणी वाहिलेलं, ती यायचीच होती. मला वाटलं, आता तरी ह्यांना ऐकू जाईल. पण साहेबापुढं खोकायचं कसं, म्हणून आई पदराचा बोळा तोंडात कोंबून लगबगीनं घरामागं गोठ्यात गेली. मी दोनदा हाक मारली. “आये, हितं ये. हितंच खोक.” ती आली नाही. साहेबांनी चहा संपवला, कपबशी खाली ठेवली, नमस्कार केला आणि जीपमध्ये बसले.

जीप गेल्यावर आई डोळे पुसत आली. चेहरा लालबुंद, ओठ निळसर. तिनं कप उचलून आत पाहिलं. “समदा प्याला की गं चहा,” ती म्हणाली. मशीन आल्यापासून तिचा इतका खुललेला चेहरा मी पाहिला नव्हता. माणसाला माणसासारखं वागवल्याचा आनंद इतका महाग पडावा, याचा संताप मात्र मला आईवर नव्हता, आजही नाही. ज्यांनी तो आनंद इतकी वर्षं अडवून धरला आणि मग त्याच चहाच्या कपात तिची तक्रार बुडवली, त्यांच्यावर आहे.

थोड्याच दिवसांत तो कागद आला. मी वस्तीत सगळ्यांना वाचून दाखवला. ज्या बायकांनी पाणी वाहिलं होतं त्या खाली मान घालून ऐकत होत्या. मग मावशीच म्हणाली, “पुन्यांदा बोलीव त्यास्नी. आता कुनी खराटा हातात घ्यायचा न्हाई.” आणि खरंच, मी नवा अर्ज केला आणि वस्तीनं झाडणं सोडलं. आमच्या बायकांना हे किती जड गेलं असेल ते झाडणारीलाच कळेल. पाहुणे येत, पायरीवर पावलं उमटत, बायका शरमून आत जात. आई खराट्याकडं बघायची आणि तोंड फिरवायची. अंगणात धुळीचा थर चढत गेला. साहेब आले नाहीत. उत्तर आलं, की सदर प्रकरणी पाहणी पूर्वीच झालेली असल्यानं पुनर्पाहणीची आवश्यकता नाही.

त्या थंडीत आईला दोन पावलं चालवेना. मार्गासनीहून मामा आले आणि तिला घेऊन गेले. तिकडं वेल्ह्याच्या बाजूला डोंगराची स्वच्छ हवा. महिन्याभरात तिची छाती मोकळी झाली. पण नातवंडं खेळवायच्या वयात बाई माहेरी येऊन राहिली, भावाचं-भावजयीचं खाते, म्हणून तिची मान वर होईना. मी शनिवारी एसटीनं जायचे. ती विचारायची, हलली का? मी म्हणायचे, नाही. मग ती दुसरं काहीतरी बोलायची.

आणि मग मंत्री यायचं ठरलं. रस्त्याचा पहिला टप्पा पुरा झाला होता, त्याचं उद्घाटन. आदल्या दिवशी सकाळी सरकारी टँकर आला. कापूरहोळपासून आमच्या गावापुढंपर्यंत त्यानं रस्ता भिजवला, परत फिरला, पुन्हा भिजवला. गायरानातल्या भुकटीच्या ढिगांवरही पाणी मारलं. मशीन बंद करून तिच्यावर ताडपत्री टाकली. टायर कुठंतरी नेऊन टाकले. सगळं एका सकाळीत झालं. कुठल्या खात्याकडं येतं असं कुणी विचारलं नाही, कुणाला पाहणी करावी लागली नाही. म्हणजे धूळ आहे हे सरकारला ठाऊक होतं. ती कशी बसवायची हेही ठाऊक होतं. फक्त कुणाच्या नाकासाठी, एवढाच प्रश्न होता. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तो टँकर पाहत होते.

मी तशीच पुढची एसटी पकडून मार्गासनीला गेले आणि आईला घरी घेऊन आले. म्हटलं, हवा मंत्र्यांसाठी धुतलीय तर धुतलीय, माझी आईही घेईल. ती आपल्या घरात झोपली. सकाळी उठून चूल पेटवली, भिंतीला हात लावून बघितला, शेजारणींशी पोटभर बोलली. एकदाही खोकली नाही. दुपारी मंत्री आले, फीत कापली, भाषण केलं, हार घातले गेले. त्यांच्या गाड्या दिसेनाशा झाल्या आणि मुकादमानं ताडपत्री ओढली.

इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा आई पडवीत भाजी निवडत होती. तिनं ताट आत ठेवलं, पिशवी घेतली आणि आम्ही थांब्यावर आलो. एसटीत खिडकीशी बसल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. टोमणा वगैरे नव्हता तो, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

“मंत्री पुन्यांदा कदी येनार हायती गं?” तिनं विचारलं.

कंडक्टरनं घंटी दिली. मंत्री पुन्हा आले नाहीत. मशीन पुढं हलली ती रस्ता संपला म्हणून, माझ्या एकाही अर्जामुळं नाही. तोवर आई वारली होती, भावाच्या घरी.