सगळं येणारं जहाज

माझी मुलगी नौदलात आहे, फ्रिगेटवर. फ्रिगेट म्हणजे काय हे मला तिनेच सांगितलं, सुट्टीवर आलेली तेव्हा, ओट्यावर बसून, शेंगदाणे खात. पाणबुडी हुडकायची, विमान पाडायचं, चाच्यांना धरायचं, वादळात अडकलेल्यांना उचलून आणायचं, हे सगळं ते एकच जहाज करतं. जसं काम, तशी तयारी करून निघायचं. वर हेलिकॉप्टर उतरायला जागासुद्धा. तिचे बाबा नुसते फुगले. "हरहुन्नरी आहे गं!" म्हणाले.

मला मात्र ते ऐकून वेगळंच आठवलं. मी खडवलीला मोठ्या घरात नांदलेय. जिला पुरणही जमतं, बाळंतिणीला न्हाऊही घालता येतं आणि गाईची धारही काढता येते, त्या सुनेलाच सगळीकडे पिटाळतात. बाकीच्या बसतात निवांत. "म्हणजे कुठे काही झालं की तुमच्याच जहाजाला पाठवणार," मी म्हटलं. ती हसली. नाही मात्र म्हणाली नाही.

मग ते दिवस आले. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ युद्धाच्याच गोष्टी, नकाशे, नकाशांवर लाल बाण. एका सकाळी तिचा फोन आला. "आई, आता काही दिवस फोन लागणार नाही. आणि कोणाला काही बोलू नका, प्लीज." फोन स्पीकरवर होता. ह्यांनी माझ्यासमोर मान डोलावलेली.

दुपारी मी मेथी निवडत होते. मोबाइल टिणटिण वाजायला लागला, थांबेचना. मोहन्याला आमची सोसायटी आहे, तिच्या ग्रुपवर ह्यांचा मेसेज: "आमच्या लेकीची फ्रिगेट आज मुंबईहून निघाली. आपले आशीर्वाद असू द्या." वर जहाजाचा फोटो. आणि खाली अख्ख्या बिल्डिंगचे जोडलेले हात आणि झेंडे.

माझं डोकंच फिरलं. "अहो, अक्कल गहाण टाकलीत का? पोरगी काय सांगून गेली?" ह्यांचा चेहरा पांढराफटक. माणूस वाईट नाही हो, पण रिटायर झाल्यापासून चारचौघांत सांगावं असं दुसरं काही उरलेलं नव्हतं. मेसेज लगेच डिलीट केला, पण मला चैन कुठलं! गाऊनवर ओढणी टाकली आणि दारोदार फिरले. "कोणी पुढे पाठवू नका हो, फोटो असेल तर काढून टाका." कोणी चहा विचारला. चेअरमन म्हणाले, "वहिनी, आपला ग्रुप कोण वाचतंय? पाण्याच्या टँकरशिवाय असतं काय त्याच्यात?" मला जरा बरं वाटलं. घरी येते तर ठाण्याहून, टेंभी नाक्याच्या नणंदेचा फोन. "वहिनी, अभिनंदन! भावोजींनी आमच्या ह्यांना पाठवलेलं, मी भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्याजणींनी पुढे पाठवलं!" भावोजी म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधले, तिच्या नवऱ्याचे मित्र.

मी फोन ठेवला. आता कोणाकोणाच्या दारात जाणार होते मी?

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. मला खरंच वाटायचं, तो मेसेज फिरत फिरत नको त्या माणसाच्या हातात पडलाय आणि माझी पोर कुठून निघाली हे त्याला कळलंय. टीव्हीवर 'जहाज' शब्द आला की हातातलं काम टाकून धावायचे. एका गोष्टीची भीती असती तर तिच्याशी झुंजले असते. पण हे मेलं सगळं येणारं जहाज! पाणबुडीचं ऐकलं की पाणबुडीची भीती, चाच्यांचं ऐकलं की चाच्यांची, वादळ म्हटलं की वाऱ्याची. हे भरल्या ताटावरून उठायचे. "माझ्यामुळे काही झालं तर गं?" एकदा विचारलं त्यांनी. एरवी मी सोडलं नसतं. पण तेव्हा रागवायचीही भीती वाटली. मी गुपचूप त्यांच्या ताटात भात वाढला.

आणि एका सकाळी कुकर लावत होते तर तिचा फोन. मला नुसतं रडू फुटलं. ह्यांनी फोन घेतला. "बाळा, माझ्या हातून एक चूक..."

"माहितेय, बाबा. आत्याने मलाही पाठवलंय. रेंज आल्या आल्या पहिला मेसेज तोच, 'तुझी फ्रिगेट निघाली'." ती हसत होती. मग हसू थांबलं. "आम्ही सगळे ठीक आहोत. मी तो साहेबांना दाखवला. पण पुन्हा नका करू हं, बाबा. जहाजावर मी एकटी नसते."

हे लहान मुलासारखे रडायला लागले. मी फोन ओढून घेतला.

"कधी येतेस घरी?"

"आत्ता नाही गं, आई. फोन परत बंद होणार आहे."

'कुठे' हा शब्द अगदी ओठांवर आलेला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तो गिळला.

"बरं," मी म्हटलं, "जेवून जा."