बघून पाठवा

त्याने आमची आधार कार्डं हातात घेतली आणि वाचायला लागला. बारा कार्डं. एक वाचायचा, त्या बाईकडे बघायचा, कार्ड टेबलावर ठेवायचा. आधी मला वाटलं, वहीत नावं उतरवून घेण्यासाठी लावतोय. मग दिसलं की टेबलावर दोन ढीग झालेत. एक तीन कार्डांचा. एक नऊ कार्डांचा.

आम्ही अंगणात उभ्या होतो. बॅगा पायाशी. कोकणातलं गाव, घराच्या मागे समुद्र. दिसत नव्हता, आवाज येत होता.

"पाण्याचा प्रॉब्लेम झालाय," होमस्टेचा मालक म्हणाला. पन्नाशीचा माणूस, आवाज मऊ. "टँकर आला नाही. या तिघींची सोय होईल. बाकीच्यांचं कठीण आहे."

"आमचं बारा जणींचं बुकिंग आहे," मी म्हणाले.

"आहे हो. पण गावाने ठरवलंय ना आता. गर्दी नको. आम्ही काय करणार?"

बाकीच्या जणी एकमेकींकडे बघत होत्या. त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं. कुठलं कार्ड कुठल्या ढिगात आहे, ते मी न बघता सांगितलं असतं. कारण हेच काम मी दोन वर्षं करत होते. पगार घेऊन.

माझी आई महापालिकेत सफाई कामगार होती. कल्याणच्या बाजारातले रस्ते झाडले तिने. भाजीचा पाला, सडकी फळं, सणाच्या दुसऱ्या दिवशीचा फुलांचा खच. रिटायर झाली तेव्हा मुकादमाने शाल आणि नारळ दिला. घरी आल्यावर मी विचारलं, तुला काय पाहिजे? मला वाटलं, मिक्सर म्हणेल. ती म्हणाली, "समुद्राजवळ एक रात्र झोपायचंय. खोलीत. सकाळी उठायचं आणि चहा दुसऱ्या कोणीतरी द्यायचा."

समुद्र तिने पाहिलेला होता. सहा डिसेंबरला आम्ही दादरला जायचो, तासन्‌तास रांगेत उभ्या राहायचो, तेव्हा बाजूला समुद्रच असायचा. त्याच्याकडे निवांत बघायला वेळ नसायचा. नागपूरलाही ती जाऊन आलेली. दादर, नागपूर, नातेवाइकांची लग्नं. आमचे प्रवास म्हणजे एवढेच. लहानपणी मला वाटायचं, आपल्या लोकांना फिरायची हौसच नाही. हौस होती. आम्ही फक्त तिथंच जात होतो जिथं आपलीच माणसं असतात आणि दारात कोणी काही विचारत नाही.

आईबरोबर झाडूवर असलेल्या दहा जणी म्हणाल्या, आम्ही पण येतो. बुकिंग माझ्याकडे आलं. मी ठाण्याला नौपाड्यात एका टूर कंपनीत होते. कोकणातले होमस्टे, हिल स्टेशनवरचे बंगले, शनिवार-रविवारच्या सहली.

गावांची तक्रार खरी आहे, हे आधी लिहिते. सुट्टी लागली की ठाण्या-कल्याण-डोंबिवलीतून गाड्या सुटतात आणि चार-पाचशे माणसांच्या गावात हजारो माणसं घुसतात. विहिरी उपसल्या जातात. वाळूत बाटल्या फुटतात. गावातल्या बाईला स्वतःच्या वाडीतून रस्ता ओलांडता येत नाही. मग गावांनी वेशीवर फलक लावले. मोठी बस आणू नये. किनाऱ्यावर दारू पिऊ नये. गाडी वाळूत नेऊ नये. यातलं काय चुकीचं आहे? काहीच नाही.

पण मग मालकांचे फोन यायला लागले. आधी म्हणायचे, बॅचलर नकोत. मग म्हणायचे, डीजे लावणारे नकोत. मग एक म्हणाला, "जरा बघून पाठवा." हळूहळू सगळेच म्हणायला लागले. बघून पाठवा.

आमच्या शीटमध्ये नवा रकाना आला. त्याचं नाव 'बघितलं'. त्यात हो किंवा नाही लिहायचं. काय बघायचं ते कोणी सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात मी आमच्यासारख्याच एका वस्तीतल्या ग्रुपला 'हो' लिहिलं. मालकाचा मॅडमना फोन. मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. हसून म्हणाल्या, "अगं, पत्ता तरी बघायचास."

मग मी बघायला लागले. आडनाव. पत्ता. मोबाइलवरचा फोटो. मुंब्र्याचा पत्ता असेल तर पुढचं वाचायचंही नाही. 'नाही' लिहिलं की त्या माणसाला फोन करून सांगायचं, गावात सध्या फार गर्दी आहे, सगळं फुल आहे. लोक मानायचे. गर्दी म्हटलं की कोणी शंका घेत नाही. उलट काही जण मलाच थँक्यू म्हणायचे.

माझं आडनाव इथे लिहीत नाही. कानावर पडलं की लोकांना कळतं, एवढं पुरे. मॅडमना माहीत होतं. "तुझं तसं नाही गं," असं त्या अधूनमधून म्हणायच्या. ते मी कौतुक समजून घरी घेऊन यायचे.

आईचं बुकिंग करताना ग्रुप लीडरचं नाव टाकायचं होतं. आईचं नाव टाइप केलं. खोडलं. शिंदेकाकूंचं टाकलं. शिंदेकाकू आमच्याच चाळीतल्या, आमच्याच विहारात येणाऱ्या. पण शिंदे कुठलेही असू शकतात. पत्ता चाळीचा दिला नाही, ऑफिसचा दिला. 'बघितलं'मध्ये लिहिलं, हो. दारात कार्डं मागतात, हे मला माहीत होतं. तरी वाटलं, इतकं कोण वाचतंय. मला वाटलं, मी हुशारी केली.

त्याने वाचलं.

शिंदेकाकू टेबलाजवळ गेल्या. "भाऊ, माझं कार्ड त्या तिघींत कशाला ठेवलं?"

"तुमची सोय होईल ना ताई."

"आणि ह्यांची?"

"त्यांचं पुढच्या गावात बघतो कुठंतरी."

"तू नीट वाच रे. शिंदे वाचून थांबू नको. मी पण ह्यांच्यातलीच आहे."

मागून कोणीतरी म्हणालं, "कार्डावर लिवलेलं नसतंय ना बाई, त्याला कसं कळंल!" तिघी-चौघी हसल्या. त्या हसण्याने तो चिडला. मऊ आवाज गेला.

"हे बघा, जातीचं मी काही बोललोय का? तुम्हीच काढताय. तुम्ही ठाण्या-कल्याणची लोकं येता, घाण करून जाता. विहिरी आमच्या आटतात. तुमचा कचरा कोणी उचलायचा?"

अंगणात बारा बायका. त्यातल्या अकरा जणींनी जन्मभर लोकांचा कचरा उचललेला. एक जण शांतपणे म्हणाली, "आम्हीच उचलतो की बाबा. दुसरं कोण उचलतं?"

त्याच वेळी दोन मोठ्या गाड्या फाटकातून आत आल्या. नंबर प्लेट एमएच झिरो फाइव्ह. आमच्याच कल्याणचं पासिंग. दोन कुटुंबं उतरली. आता मालकाची बायको बाहेर आली. "या, या. डोंबिवलीहून किती वाजता निघालात? आंघोळीला गरम पाणी काढलंय."

पाणी होतं.

गाडीतून उतरलेल्या बाईने आमच्याकडे पाहिलं. वाईट नजर नव्हती. नुसतीच थकलेली. तिने मालकाला विचारलं, "एवढी गर्दी आहे का आज तुमच्याकडे?"

"नाही नाही," तो म्हणाला. "त्या निघाल्यात."

आई इतका वेळ मागे उभी होती. ती पुढे झाली. आमच्या घरात कोणाकडे काही मागताना तिचा जो आवाज होतो, त्या आवाजात म्हणाली, "बाथरूमला जाऊन येऊ का? मग निघतो आम्ही."

मालकाने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "संडासाची टाकी भरलीय हो. पुढे फाट्यावर हॉटेल आहे ना."

आई साठीची. तिला शुगर आहे. सहा तास गाडीत बसून आली होती. फाट्यापर्यंत तिला थांबता आलं नाही.

गाडीतच झालं. शिंदेकाकूंनी स्वतःची चादर काढून तिच्या मांडीवर टाकली. ड्रायव्हरने आरसा दुसरीकडे वळवला. फाट्यावर हॉटेलच्या मागे आईने साडी बदलली. ओली साडी तिथल्या नळाखाली स्वतः धुतली, पिळली, पिशवीत भरली. मी धुते म्हणाले तर हात झटकला. मग येऊन माझ्या शेजारी बसली.

"बुकिंग कोणाच्या नावानं केलेलंस?"

"शिंदेकाकूंच्या."

"का?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"का गं? तोंड शिवलंय का?"

"त्यांनी दिलं नसतं, आई."

तिने ओल्या साडीच्या पिशवीला गाठ मारली. मग म्हणाली, "त्या माणसानं मला दारातून घालवलं. तू तर घरातनं निघायच्या आधीच घालवलं होतंस."

माझे वडील मोर्चात पत्रकं वाटायचे. उरलेले गठ्ठे पलंगाखाली असायचे. मी त्या पत्रकांवर अक्षरं लावायला शिकले. समता, हक्क, स्वाभिमान, हे शब्द मला कमळ-बदकाच्या आधी वाचता येत होते. एवढं वाचून मी काय शिकले? आईचं नाव खोडायला. कल्याण येईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. त्याच दिवशी परत आलो. समुद्र कोणीच पाहिला नाही.

सोमवारी ऑफिसला गेले. मालकाचा फोन आधीच आला होता. मॅडम रागावल्या नाहीत. त्या कधी रागावत नाहीत.

"अगं, तुझ्या आईचा ग्रुप होता तर मला सांगायचं ना. मी पर्सनली बोलले असते त्यांच्याशी. स्पेशल केस म्हणून."

"मॅडम, तो रकाना मी यापुढे भरणार नाही."

"कुठला?"

"'बघितलं'. मी नाही बघणार."

"असं कसं? उद्या ते लोक खोल्या देणं बंद करतील. लोकल माणसांना दुखवून आपण काम करू शकतो का? आधीच गावं टुरिस्टवर चिडलीयेत. तुमचं चळवळीचं इथे नको आणूस."

"मग त्यांना सांगा, का नको ते लिहून द्या. मी जसंच्या तसं कस्टमरला पाठवते. गर्दी आहे असं मी सांगणार नाही."

मॅडमनी पेनचं टोपण लावलं. "तू दमलीयेस. दोन दिवस घरी राहा."

दमले होते, ते खरं. पण घरी राहिले नाही. दुपारी कळव्याहून एकाचा फोन आला. आठ जण, दोन खोल्या. आडनाव ऐकलं. डोक्यात आपोआप 'नाही' उमटलं, इतकी सवय झाली होती. मी रकाना रिकामा ठेवला. त्याला म्हणाले, "दादा, खोल्या रिकाम्या आहेत. तुम्हाला देणार नाहीत. का ते मालकाला विचारा, नंबर देते." पलीकडून तो म्हणाला, "समजलं ताई." नंबर घेतला नाही.

महिनाअखेरीला मला सांगितलं, काम कमी झालंय, पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी शीट समजावून दिली. त्या रकान्यात काय बघतात तेही स्पष्ट सांगितलं. तिने मान खाली घातली. तिचं आडनाव मी विचारलं नाही.

चाळीत बायका म्हणतात, आता कुठं नको गं बाई, आपलं नागपूरच बरं. वर्तकनगरला माझी कॉलेजातली मैत्रीण राहते. ती म्हणाली, "कोकण आता नकोच वाटतं. गर्दी, त्यात तिथली माणसं तिरसट झालीयेत. आम्ही यंदा व्हिएतनामला चाललोय." तिचं खरं आहे. गावं चिडली की तिचा बेत बदलतो. आमचा मोडतो. तिला दुसरा देश असतो. आम्हाला चाळ.

आईने दोन महिने त्या दिवसाचा विषय काढला नाही. मग एका सकाळी मेथी निवडताना म्हणाली, "त्याच गावात जायचं."

"दुसरीकडे बघू ना आई. चांगली माणसं पण असतात."

"दुसरीकडं कशाला? मी तिथं काय चोरी केली?"

मी त्या मालकाला फोन केला. आधी माझं आडनाव सांगितलं, मग आईचं, मग सगळ्यांची. तो म्हणाला, फुल आहे. मी विचारलं, रिकामं कधी आहे? तो म्हणाला, सांगता येत नाही. मग मी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्यात लिहिलं, आम्ही बारा जणी येत आहोत. नावं ही, आडनावं ही, पत्ता चाळीचा. आमचं पाणी आम्ही आणू, आमचा कचरा आम्ही परत नेऊ. तुमच्या विहिरीवर पहिला हक्क तुमचा, तो आम्हाला मान्य आहे. समुद्रावर नाही.

उत्तर आलेलं नाही. गाडी ठरली आहे. दोघी गळाल्या, त्यांना मी दोष देत नाही. पुन्हा तसं उभं राहायला सगळ्यांच्याच अंगात जोर उरलेला नाही. माझ्याही नाही. दहा जणी जाणार आहोत.

आई विचारते, "परत हाकललं तर?"

हाकलतील. पण या वेळी टँकर आणि टाकी सांगून चालणार नाही. त्यांना आमचं नाव घ्यावं लागेल आणि कारण तोंडाने म्हणावं लागेल, सगळ्या गावासमोर. ते म्हणेपर्यंत आम्ही वाळूत बसून राहणार. म्हणाले, तरी उठणार नाही.