कारण : ऑपरेटरची चूक

आनंदराव गजभिये चहाचं आधण ठेवताना आधी गॅसच्या बटणाकडे बोट दाखवतात, मोठ्यानं म्हणतात, "डावा, चालू," आणि मगच बटण फिरवतात. हसू नका. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस आहे तो. समोर शेकडो स्विचांचं पॅनल, त्यावरून बाही जरी घासली तरी काय बंद पडेल सांगता येत नाही. त्यांच्या उस्तादानं त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, बोट दाखवायचं, नाव घ्यायचं, मग दाबायचं. पुढे आनंदराव स्वतः उस्ताद झाले आणि नव्या पोरांना दम देऊ लागले, "पॅनलवरून हात घासत न्याचा नाई! बोट उचलाचं, बोट ठेवाचं. बस." निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी हाताची ती शिस्त गेली नाही.

आता अशा माणसाच्या हातात कोणता फोन द्यावा? ज्यात दाबायला काही ठेवलंच नाही, नुसतं घासत राहायचं! आणि दिला कोणी, तर पोटच्या पोरानं.

संघपाल त्यांचा एकुलता एक. बायको रोशनीसह बंगळुरूला राहतो, फोन बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी आई, म्हणजे प्रेमिलाबाई गेल्या, तेव्हापासून त्याचं एकच टुमणं, बाबा, तिकडं चला. आनंदरावांचंही एकच उत्तर, नाई. नंदनवन वस्तीतलं दोन खोल्यांचं घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. गल्लीच्या टोकाला विहार आणि विहाराला लागून वाचनालय. त्याचं कुलूप रोज सकाळी साडेसहाला आनंदरावच उघडत. परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या दहा-बारा पोरी तेव्हा पायरीवर येऊन बसलेल्या असत. हे सोडून बंगळुरूच्या अकराव्या मजल्यावर बसून करायचं काय, लिफ्ट मोजायच्या? भांडून भांडून शेवटी बापलेकात तह झाला. जोवर बाबा स्वतःचं सगळं स्वतः निभावतील तोवर बंगळुरूचं नाव काढायचं नाही. ज्या दिवशी निभणार नाही, त्या दिवशी मुकाट्यानं निघायचं. आनंदरावांनी शब्द दिला आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

दसऱ्याच्या सुटीत संघपाल आला तो हे नवं खूळ घेऊन.

"बाबा, तुमच्या फोनमंधी आमची नवीन सिस्टिम टाकू का? बीटा हाय. म्हंजे लोकाईले द्याच्या आधी तपासून पाहाची."

"म्हंजे नव्या संचाची चाचणी," आनंदराव म्हणाले.

"हाव, तेच. आमच्या टीममंधी सप्पा पोट्टे पंचविशीतले. साठीच्या वरचा एकबी मानूस नाई. तुमी वापरा आन पयले-पयले काय वाटते ते लिवून पाठवा."

खोटं कशाला बोला, म्हाताऱ्याची छाती फुगली. आठ वर्षांत त्यांच्याकडे कोणी काम घेऊन आलं नव्हतं, आणि इथं खुद्द पोरगा चाचणीवर नेमत होता. त्याच संध्याकाळी त्यांनी दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि पट्टीनं रकाने आखले. वेळ. काय केले. काय झाले. कारण.

संघपालनं फोन परत दिला तेव्हा पडद्याच्या खालची तीन बटणं गायब होती. मागे जायचं, घरी यायचं, उघडलेलं सगळं एकदम पाहायचं, अशी तीन जिवाभावाची बटणं! त्यांच्या जागी एक बारीक रेघ तेवढी उरली होती.

"बटनं परत लावता नाई येत?"

"या आवृत्तीत नाई, बाबा. पाहा, खालून वर सरकवलं की घर. कडेवरून आत ओढलं की मागं. वर नेऊन थांबलं की सगळं दिसते. सोपं हाय." त्याचा अंगठा पडद्यावरून असा फिरला की आनंदरावांना काही दिसलंसुद्धा नाही. मग तो विमान गाठायला निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून चाचणी सुरू झाली. आनंदराव दारापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले, फोनच्या डाव्या कडेकडे बोट दाखवलं, मोठ्यानं म्हणाले, "मागे," आणि बोट ठेवलं. काही झालं नाही. मग आठवलं की ओढायचं आहे. ओढलं, तर बोटाची कातडी म्हातारपणानं कोरडी, ती अर्ध्यात अडली. पुन्हा ओढलं, तर वाचत असलेलं वर्तमानपत्रच बंद पडलं. वाचनालयातल्या कार्यक्रमाचे फोटो बघायला एक फोटो सरकवला, तर पुढचा फोटो यायच्या ऐवजी सगळेच गेले. घरी जायला खालून वर नेलं, तर पडदा अर्धा आक्रसला आणि मधेच लटकून राहिला, ना पुढे ना मागे. काय हा छळ! ज्या हातानं चौतीस वर्षांत एक चुकीचं बटण दाबलं नाही, तो हात आता काय करेल याचा भरवसा राहिला नाही.

पण नोंदी त्यांनी काटेकोर लिहिल्या. "०७.२०. मागे जाण्यासाठी डाव्या कडेवरून बोट ओढले. ॲप पूर्ण बंद. कारण : ऑपरेटरची चूक." "०७.२६. तेच केले. पडदा मधेच अडकला. कारण : ऑपरेटरची चूक." रोज चार-पाच नोंदी आणि कारणाच्या रकान्यात रोज तेच. त्याचंही शिक्षण उस्तादाचं. यंत्रात दोष आहे असं लिहायचा हक्क देखभालवाल्याचा. तो येऊन तपासत नाही तोवर ऑपरेटरनं चूक स्वतःवर घ्यायची. आनंदरावांना त्यात कमीपणा वाटत नव्हता. उलट खाडाखोड न करता लिहिलेलं पान बघून त्यांना बरं वाटे. संध्याकाळी शेजारच्या सत्यवतीबाईंकडून त्या पानाचा फोटो काढून घेत आणि संघपालला पाठवायला लावत. पहिले चार दिवस उत्तरादाखल त्याच्याकडून अंगठ्याचं चित्र आलं. पुढं काहीच येईना. पोरगं कामात असेल, असं त्यांनी धरलं.

सत्यवतीबाई भिंतीला भिंत लागून राहणारी, पोटात काही न ठेवणारी बाई. एक दिवस भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "काय गा भाऊ, सकाळपासून कोनाशी बोलून राहिले? मागे, घर, मागे, घर."

"फोनशी, बाई. पॅनलले नाव सांगूनच हात लावा लागते."

यावर बाईंनी जे तोंड केलं ते आनंदरावांनी पाहिलं नाही. त्यांचं लक्ष कडेवर होतं.

दिवाळीला आठवडा उरला होता. संध्याकाळी सातला संघपालचा फोन आला. आनंदरावांनी बोट दाखवलं, "उचल," म्हणाले आणि वर सरकवलं. फोन आक्रसून कोपऱ्यात गेला आणि कटला. पुन्हा आला, पुन्हा कटला. तिसऱ्यांदा बोट अर्ध्यात अडलं. चौथ्यांदा पडदाच गोठला. वाजतोय, नाव दिसतंय, आणि उचलता येत नाही! आनंदरावांनी फोन टेबलावर ठेवला, पंच्यानं बोट पुसलं, फोनही पुसला, पुन्हा ओढून पाहिलं. पोरगा पलीकडे वाट पाहतो आहे आणि आपण हातात फोन असून मुके, हे त्यांना सहन होईना.

तेवढ्यात सत्यवतीबाई धावत आल्या, स्वतःचा फोन पुढे धरून. "संघपाल हाय गा! तुमी उचलून काहून नाई राहिले?"

"मी ठीक हाय, बेटा," आनंदराव त्यात म्हणाले. "माहं चुकलं. लिवून ठेवतो."

मग बाईंनी फोन परत घेतला आणि दारात जाऊन, मायेनंच हं, सांगून टाकलं, "दिवसभर एकट्यानंच बोलत राहतेत रे बाबू."

शनिवारी दुपारी संघपाल न सांगता दारात उभा राहिला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाबा, मंगळवारचं तिकीट काढलं. दोघाईचं."

आनंदरावांना आधी कळेचना. "काहून गा? माहं सगळं मीच करून राहिलो न!"

संघपालनं आपल्या फोनमधून रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून दाखवले. "एकाहत्तर नोंदी हायेत, बाबा. एकाहत्तरही वेळा तुमी लिवलं, माही चूक. त्याच त्या गोष्टीत रोज चुकता, फोन उचलता येत नाई, एकटे बोलता. रोशनीनं हे फोटो एका डॉक्टरले दाखवले. तो म्हने, विसरनं सुरू झालं असन, एकटं ठेवू नका."

"अरे, तो तं कायदा हाय लिवन्याचा!" आनंदरावांचा आवाज चढला. देखभालवाला, उस्ताद, पॅनल, नाव घेऊन हात लावणं, सगळं त्यांनी सांगितलं. पण जितकं ते जोरात सांगत गेले तितका पोराचा चेहरा उतरत गेला. आनंदरावांनाच ऐकू यायला लागलं की आपण कसे वाटतो आहोत.

काही तरी करायचं म्हणून संघपालनं बाबांचा फोन डाव्या हातानं उचलला, उजव्यात स्वतःचा होता. त्याच हाताच्या अंगठ्यानं डाव्या कडेवरून ओढलं, ॲप बंद. पुन्हा उघडलं, खालून वर नेलं, पडदा मधेच लटकला. त्यानं दोनदा केलं, पाचदा केलं. मग कोणाला तरी फोन लावून इंग्रजीत बोलत अंगणात फेऱ्या मारल्या. परत आला तेव्हा त्याला बापाकडे बघवत नव्हतं.

"बाबा, हा आमच्या सिस्टिममंधला बग हाय, आमचीच चूक. डाव्या हातानं कोनी वापरला की येते. बाकी शहरातून बी तक्रारी आल्या. फोन उचलाचं बी त्यातलंच."

आनंदराव डावखुरे आहेत. हे पोराला माहीत नव्हतं का? होतं. सुचलं नाही एवढंच.

"म्हंजे माहा हात बराबर होता?"

"बराबर होता, बाबा."

आनंदराव खुर्चीतून उठलेच. कित्येक दिवसांत असा आनंद झाला नव्हता त्यांना. "मंग आता काय! तिकीट वापस कर. मी चहा ठेवतो."

संघपाल तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. चाळिशीला आलेला, टक्कल पडायला लागलेला माणूस, आणि लहान पोरासारखा गुडघ्यांत डोकं घालून बसला.

"तो तं पुढच्या हप्त्यात दुरुस्त होईन, बाबा. पन त्या दिवशी चार खेप फोन उचलल्या गेला नाई न, तवा मले वाटलं तुमी पडले. दार लावलेलं हाय, आन मी हजार किलोमीटर दूर. आईच्या वक्तालेबी मी पोचलो नवतो. तवापासून मले झोप नाई. तुमी बराबर होते, मले समजते. पन माहं भेव जाऊन नाई राहिलं. मी काय करू?"

आनंदरावांची बाजू खरी होती, सिद्धही झाली होती, आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता. पोरगा हुंदके देत होता. ते गुडघे सांभाळत त्याच्या शेजारी खाली बसले आणि पाठीवर हात ठेवला.

"रडू नोको गा," ते म्हणाले. "येतो मी."