उलट्या बाजूचं रेशीम

मैना गांगुर्डे आमच्या नाशिकरोडच्या चाळीत कपडे शिवायची. तिला आम्ही मैनामावशी म्हणायचो. लग्नाआधी ती देवळाली कॅम्पात एका लेडीज टेलरकडे हातशिलाईला होती. तिथे साहेबांच्या बायकांचे भारी कपडे यायचे. मावशीचं काम फक्त तुरपाई आणि हुक लावण्याचं, पण चार वर्षं ते कापड बोटांखालून गेलं आणि तिची बोटं शहाणी झाली. अंगावर घालायला तसलं कापड तिला कधी मिळालं नाही. पण भारी कापड कसं पडतं, कसं चुरगळतं आणि उजेडात कसं दिसतं, हे तिला पाठ होतं.

एकोणऐंशी साली शेजारच्या पुतळाबाईंच्या लताचं लग्न ठरलं. मुलगा मनमाडचा, शाळेत मास्तर. आम्हा बौद्धांत नवरी पांढरी साडी नेसते. पुतळाबाईंनी एक सुती साडी आणून ठेवली होती. लताने ती बघितली आणि नुसती घडी घालून परत ठेवली. पुतळाबाईंना ते लागलं. त्या मावशीकडे आल्या.

"मैना, रेशीम झेपायचं नाही गं. पण मनमाडची माणसं शिकलेली आहेत. त्यांच्यापुढे पोरगी गबाळी दिसायला नको."

"उद्या भद्रकालीत जाऊ," मावशी म्हणाली. "लतालाही घ्या."

मीही मागे लागून गेले. दहा वर्षांची होते. गोरक्षशेठच्या दुकानात कटपीसचे ढीग असायचे. त्यांनी झगमगीत जरीचं नायलॉन पुढे टाकलं. मावशीने ते मुठीत आवळलं, सोडलं आणि बाजूला सारलं. "हे दुरूनच ओरडतंय, मी स्वस्त आहे म्हणून."

मग तिने खालच्या फळीवरचा एक पांढरा तागा मागितला.

"मैनाबाई, ते अस्तराचं साटीन आहे. कोटाच्या आत लावतात," गोरक्षशेठ म्हणाले.

"माहितीय मला. उलटून दाखवा."

सुलट बाजू बर्फीच्या वर्खासारखी चकाकत होती. उलट बाजू मात्र मऊ, शांत, सायीच्या रंगाची. मावशी तागा घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात गेली. एक कोपरा पाण्यात बुडवून चोळला. "आधी खळ जाऊ दे," ती म्हणाली, "मग कापडाचा खरा स्वभाव कळतो." कापड ओलं झाल्यावर अजूनच मऊ पडलं.

पुतळाबाईंचा चेहरा मात्र उतरला. "माझी पोरगी अस्तर नेसून मांडवात उभी राहणार?"

लताने तो ओला कोपरा गालाला लावला. "आई, मी हेच नेसणार," ती म्हणाली. वाद तिथेच मिटला.

त्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, साडीला पुरत नव्हता. मावशीने त्यावरही तोड काढली. मधलं अंग उलट बाजूचं ठेवलं आणि वर-खाली त्याच कापडाच्या रुंद पट्ट्या सुलट बाजूने जोडल्या. चमक फक्त काठाला आली. उरलेल्या तुकड्यांतून लताचा ब्लाउज निघाला आणि चाळीतल्या आम्हा सात मुलींचे फ्रॉक. माझ्या फ्रॉकला तीन जोड होते, पण कुठे ते मलासुद्धा सापडले नाहीत.

लग्नाच्या दिवशी लता विहारात आली तेव्हा बायका माना वळवून बघायला लागल्या. पंचशील झालं, हार घातले गेले, सगळ्यांनी फुलं उधळली. मग नवऱ्या मुलाच्या आत्या बयाबाई पुढे आल्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि मनमाडात सगळे त्यांना दबकून असायचे. त्यांनी लताचा पदर बोटांत धरला.

"कुठलं रेशीम म्हणायचं हे?"

"मुंबईहून..." पुतळाबाई चाचरल्या.

"नाही हो," मावशी मधेच म्हणाली. "भद्रकालीतलं अस्तर आहे. उलटं करून शिवलंय."

पुतळाबाईंनी डोळे मिटून घेतले. बयाबाईंनी पदर उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि खळखळून हसल्या. "अहो, मग माझ्या शाळेच्या संमेलनाला याच! चाळीस मुली नाचायच्या आहेत आणि मला कापड निवडता येत नाही."

मावशी मनमाडला गेली. आठ दिवस बयाबाईंकडेच राहिली आणि गादीच्या खोळीच्या कापडातून चाळीस घागरे उभे करून आली. त्यानंतर इगतपुरीपासून बायका तिच्याकडे यायला लागल्या. शिवायला नव्हे, तर सोबत दुकानात चला म्हणायला. पाचसहा वर्षांत ती रविवारी विहारात वर्गच घ्यायला लागली. पहिले दोन रविवार मशीन झाकलेलं. नुसतं कापड चाचपायचं, मुरडायचं, सूत ओढून काडीने जाळायचं. राख झाली तर सुती, गोळी झाली तर नायलॉन.

त्या वर्गात पहिलं नाव घातलं ते पुतळाबाईंनी. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण सूत जाळणं इतकं आवडलं की त्या पिशवीत काडेपेटी घेऊनच बाजारात जायला लागल्या. त्या भद्रकालीत दिसल्या की गोरक्षशेठ दुकानातूनच हात जोडायचे, "पुतळाबाई, हवं ते कापड घ्या, हवा तो भाव सांगा, पण ती काडी बाहेर रस्त्यावर जाऊन ओढा!"