बाबांचं पाणी मी मोजत होते

आज सकाळी बाबांना रत्नागिरीत किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं. किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

बाबा म्हणाले, "ही देते तेवढं. लिटरभर."

आमचे काका डायलिसिसवर आहेत. त्यांना डॉक्टरांनी तेवढंच पाणी सांगितलंय, म्हणून बाबांचीही किडनी कमजोर झाल्याचं कळल्यापासून महिनाभर मी त्यांनाही मापून बाटली भरून देत होते. तीच घेऊन ते भर उन्हात आंबे उतरवायला बागेत जायचे.

मी हे सांगितल्यावर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काकांना लघवी होत नाही, पाणी अंगात साठतं; यांना होते. शरीर सुकलं की मेंदूतून व्हासोप्रेसिन नावाचं हार्मोन जास्त सुटतं. ते किडनीला पाणी धरून ठेवायला लावतं आणि दमलेल्या किडनीवर आणखी ताण येतो." क्रिएटिनिन त्यामुळेच वाढलं का, हे पुढच्या तपासणीत कळेल.

बाहेर आल्यावर मी बाबांना विचारलं, "तहान लागते हे सांगितलंत का नाही?"

"तू एवढं मापून देत होतीस गो. म्हटलं, डॉक्टरांनीच सांगितलं असेल."

तुमच्या घरात आजारी माणसाचं पथ्य कोण ठरवतं? त्यांनी डॉक्टरांना विचारलंय का? मी विचारलं नव्हतं.